दोन ग्रॅमचं ओझं

निरीक्षकसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला दात घासायचा ब्रश आडवा धरला आणि छोट्या करवतीने त्याची दांडी कापली, तेव्हा त्यांचा जावई समोरच चहा पीत बसला होता. जावई दातांचा डॉक्टर होता. रविवारी सासऱ्याकडे यावं आणि दातांचा विषय न निघता एक कप चहा प्यावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असे.

"बाबा, हे काय?"

"अकरा ग्रॅम," साहेब म्हणाले. कापलेली दांडी त्यांनी शेजारच्या काचपेटीतल्या पितळी तराजूत ठेवली आणि चिमट्याने वजनं चढवली, उतरवली. "चुकलो. अकरा पूर्णांक दोन."

हा तराजू साहेबांना निवृत्तीच्या दिवशी कचेरीने भेट दिला होता. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारातली वजनं आणि काटे तपासायचे आणि त्यांवर त्या सालची मुद्रा ठोकायची, हे त्यांचं काम. मुद्रा नसलेलं वजन हाती लागलं की दुकानदार गयावया करी, "साहेब, अगदी बरोबर आहे हो, ताडून बघा." साहेब ताडून बघत नसत. "असेलही बरोबर," ते म्हणत, "पण मुद्रा नाही. म्हणजे हे वजन नाही, लोखंड आहे." आणि ते लोखंड पिशवीत टाकून पुढच्या दुकानाची पायरी चढत.

निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात. साहेबांनी लांबवाट चालायचं ठरवलं. लांबवाट म्हणजे डोंगरांच्या माथ्यामाथ्याने गेलेली चारशे किलोमीटरची पायवाट. वाटेत दिवसभराच्या अंतरावर एक असे एकवीस निवारे, बाकी दुकान नाही, गाडीरस्ता नाही. आपलं बिऱ्हाड आपल्या पाठीवर घ्यायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दरवर्षी शेकडो लोक हे करतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं वय साहेबांच्या नोकरीपेक्षा कमी असतं. साहेब बासष्ट वर्षांचे होते.

"बाबा, तुमचे गुडघे..."

"तुम्ही गुडघ्यांचे डॉक्टर आहात का?"

"नाही, पण..."

"मग दातांबद्दल बोला."

"दातांबद्दलच बोलत होतो," जावई ब्रशच्या उरलेल्या बोंडाकडे पाहत म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला आणि जे बोलू नये ते बोलला. "तिसऱ्या दिवशी तुमचा फोन येईल, बाबा. गाडी कुठे आणायची तेवढं सांगा. मी येईन."

हे तो प्रेमाने बोलला होता, म्हणून जास्तच लागलं. साहेबांनी त्याच्यादेखत खिशातला फोन काढला, तराजूत ठेवला, एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम हा आकडा कागदावर लिहिला आणि फोन फडताळात बंद करून ठेवला. फोनच नसेल तर फोन जाईल कसा? आता प्रश्न फक्त चालायचा उरला होता.

पुढचे पंधरा दिवस साहेबांनी बिऱ्हाड हलकं केलं. शर्टांच्या कॉलरी गेल्या, खिसे गेले, एकाआड एक बटणं गेली. विजार गुडघ्यापाशी कापली गेली. पांघरुणाचं अर्धं पांघरूण झालं. चमच्याला भोकं पडली. साहेबांची बायको हे सगळं आतल्या खोलीतून, शिवणाच्या मशीनमागून पाहत होती. ती शिवणाचे वर्ग चालवी आणि सारी वस्ती तिला शिवणबाई म्हणे. साहेबांच्या अंगावरचा एकूण एक शर्ट तिच्या हातचा होता, तेव्हा कापलेली प्रत्येक कॉलर तिने कोणत्या मनाने पाहिली असेल ते सांगायला नको. ती बोलत मात्र काही नव्हती. साहेबांनी टाकलेला प्रत्येक तुकडा उचलून घडी घालून एका कापडी पिशवीत ठेवत होती. काम पुरं होईपर्यंत कात्रण टाकायचं नाही, हा तिच्या धंद्याचा नियम होता. एकदाच ती म्हणाली, "कापा काय कापायचं ते. माझ्या कात्रीला तेवढा हात लावू नका."

हे समजून घ्यायला हवं. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात एक कात्री अशी असते, की तिने फक्त कापड कापायचं. तिने कागद कापला की धार जाते, आणि धार गेली की घरातली शांतता जाते. शिवणबाईची कात्री एकतीस वर्षांची होती. मुलीलासुद्धा ती कधी मिळाली नव्हती.

निघायच्या दिवशी पहाटे साहेबांनी सगळं सामान शेवटचं तोललं. चार किलो आणि दोन ग्रॅम. ते दोन ग्रॅम त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. चार किलो म्हणजे कसं, चार किलो. वरचे दोन ग्रॅम कुठून आले ते शोधताना त्यांच्या हाती वाटपत्र लागलं. हा लांबवाटेचा परवाना. वरच्या अर्ध्या भागात साहेबांचा फोटो, नाव, क्रमांक आणि वाटमंडळाच्या अध्यक्षांची सही. खालच्या अर्ध्या भागात एकवीस रिकामे चौकोन आणि त्यांच्यावर छापलेलं, 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी'.

दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण साहेबांनी चौतीस वर्षं असले अर्ज पाहिले होते. कार्यालयीन उपयोगाचा भाग कार्यालय कधीच भरत नाही, हे त्यांना आतून माहीत होतं. शिवाय ते आता कार्यालय नव्हते. घरातली साधी कात्री सापडेना. बसला वीस मिनिटं होती. मशीनवर शिवणबाईची कात्री होती आणि शिवणबाई झोपली होती.

बायकोची झोप मोडू नये म्हणून साहेब बूट हातात घेऊन जिना उतरले.

पहिला निवारा त्यांनी संध्याकाळच्या आत गाठला. राखणदार ओट्याशी कांदे चिरत होता. जाडजूड, शांत गृहस्थ. डोंगरात राहून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. त्याने हात पुसले, शिक्का काढला आणि साहेबांचं वाटपत्र उलटसुलट पाहिलं.

"खालचा भाग?"

"कापला."

"का?"

"दोन ग्रॅम होता."

राखणदाराने थोडा विचार केला. "मग शिक्का कुठे मारू?"

तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं, की या खात्यात कार्यालयीन भाग खरोखरच भरतात. पण चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या हुद्द्यात ती तरतूदच नव्हती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुढे केली.

"टोपीवर मारा."

"टोपीवर मारला तर टोपी चालली असं होईल."

"टोपी माझ्या डोक्यावर आहे."

"आत्ता तुमच्या हातात आहे," राखणदार म्हणाला आणि वही उघडली. वहीत दोन रकाने होते. एक वाटकऱ्यांचा, म्हणजे ज्यांच्या चौकोनात शिक्का पडतो त्यांचा. त्यांना आत झोपायला फळी मिळे. दुसरा फेरफटक्याला आलेल्यांचा. त्यांना व्हरांड्यातलं बाकडं. राखणदाराने साहेबांना दुसऱ्या रकान्यात बसवलं. साहेबांनी वही ओढून घेतली आणि शेऱ्याच्या जागी ठळक अक्षरात लिहिलं, 'मी फेरफटक्याला आलेलो नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

बाकडं अरुंद होतं आणि पांघरूण अर्धं. आखूड केलेल्या विजारीत गुडघे रात्रभर एकमेकांना धरून होते. सकाळी साहेब उठले ते ठरवूनच, की आता शिक्का देवोत न देवोत, चारशेच्या चारशे किलोमीटर चालायचे. दुसऱ्या निवाऱ्यावर तेच झालं. वाटपत्राला खालचा भाग नाही, बाकडं, शेरा. या वेळी साहेबांनी 'मी फेरफटक्याला आलेलो नाही' याच्या खाली दोन रेघा ओढल्या. दरम्यान ब्रशचं बोंड ओढ्यावर दात घासताना बोटांतून निसटून वाहून गेलं होतं. त्याला धरायला दांडी नव्हती.

तिसऱ्या दिवशी चढणीवर उजवा गुडघा बोलला. साहेब एका दगडावर बसले. फोन असता तर त्यांनी जावयाला केला असता, हे त्यांच्या वतीने कबूल करायला हवं. तो नव्हता म्हणून ते उठले.

पाचव्या निवाऱ्यावर दोन कॉलेजच्या मुली त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या बिनकॉलरच्या शर्टाकडे बघू लागल्या. मग त्यांतली एक म्हणाली, "काका, ते तुम्हीच का? कापाकापीवाले?"

"कोण म्हणालं?"

"मागे एक काकू आहेत. खांद्याला ही एवढी मोठी पिशवी. भेटेल त्याला विचारताहेत, पुढे असा असा माणूस दिसला का."

साहेबांनी मागच्या वाटेकडे पाहिलं. "एकट्या?"

"एकट्याच. मस्त आहेत हो. हिच्या सॅकचा पट्टा तुटला होता, बसल्या बसल्या शिवून दिला."

साहेबांनी वाकून पट्टा पाहिला. उलटी टीप, दुहेरी दोरा, टाक्याला टाका मोजून घातलेला. एकतीस वर्षांच्या संसारात हा टाका त्यांनी हजारदा पाहिला होता.

"काही निरोप?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"निरोप नाही. पण कात्रीबद्दल काहीतरी म्हणत होत्या."

आता सगळं स्पष्ट होतं. जावयाने तिला पाठवलं होतं, आपल्याला परत न्यायला. कात्री हे वरचं कलम. साहेबांनी मनात हिशेब केला, की ती एक निवारा मागे आहे. आपण दमलो, थांबलो, की गाठेल. मग गाडी, मग जावयाचं ते समजूतदार हसू, आणि मग जन्मभर बाग. दुसऱ्या दिवशी ते उजाडताच निघाले आणि त्या दिवसापासून त्यांनी विसाव्याचा दगड पाहिला नाही. गुडघ्याचं म्हणणं ऐकायला वेळच उरला नाही. आणि कोणी ऐकत नाही असं दिसल्यावर दहाव्या दिवशी गुडघा आपसूक गप्प झाला.

पण वाटेवर खुणा दिसत राहिल्या. मागून येऊन पुढे जाणाऱ्या प्रत्येक चालणाऱ्याच्या अंगावर तो टाका असे. कोणाच्या बाहीला, कोणाच्या तंबूला. चौदाव्या दिवशी एक लांबटांग्या पोरगा शीळ घालत साहेबांना मागे टाकून गेला. त्याच्या सॅकवर निळ्या रेघांचं भलंमोठं ठिगळ होतं. साहेब त्याकडे बघतच राहिले. ती त्यांच्या विजारीची डावी तंगडी होती. माणसाला त्याची स्वतःची विजार मागे टाकून पुढे जाते, हा प्रसंग फार थोड्यांवर येतो. साहेबांनी दात-ओठ खाल्ले आणि वेग वाढवला.

निवाऱ्यानिवाऱ्यावर वाद होत राहिले. एका ठिकाणी त्यांनी दंडावर शिक्का मागितला, एका ठिकाणी पाठीवर. सोळाव्या निवाऱ्याचा राखणदार म्हणाला, "काका, शिक्क्याशिवाय चालून उपयोग काय? परत जा की." त्यावर साहेबांनी उपयोगासाठी चालणाऱ्यांची यथेच्छ पूजा बांधली आणि शेऱ्याच्या रकान्यात सतरा ओळी लिहिल्या. समासही भरला.

बाविसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता साहेब लांबवाटेच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीत उभे राहिले. विजार सुतळीने बांधलेली, नाकाची साल निघालेली. टेबलामागे एक कारकून होता. नीटनेटका, चष्म्यातून वर न पाहणारा. साहेबांना तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला.

"चाललो," साहेब म्हणाले. "पूर्ण. प्रमाणपत्र द्या."

कारकुनाने अर्धं वाटपत्र बघितलं. मग साहेबांकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. "चालला असाल," तो म्हणाला, "दिसतंयच. पण शिक्के नाहीत. म्हणजे ही चाल नाही. फिरणं आहे."

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चौतीस वर्षांत शेकडो दुकानदारांनी त्यांच्यापुढे असंच तोंड उघडून मिटलं होतं. तरी ते दोन वाजेपर्यंत भांडले. बुटांचे तळवे दाखवले, साक्षीदार मागवा म्हणाले. कारकून प्रत्येक मुद्द्याला "असेलही" म्हणत होता. या शब्दाला उत्तर नसतं, हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक?

तेवढ्यात दारात कोणीतरी पिशवी खाली ठेवली.

"अहो," शिवणबाई म्हणाली, "किती पळता."

उन्हाने ती रापली होती, पण बाकी टवटवीत होती. साहेब भिंतीकडे सरकले. "मी येणार नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांना सांग. संपवली मी वाट."

"न्यायला कोण आलंय? तुम्ही हे विसरलात." तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. वाटपत्राचा खालचा अर्धा भाग. एकवीस चौकोन, एकवीस शिक्के. "माझ्या कात्रीखाली पडला होता. मागच्या बाजूला लिहिलंय, प्रत्येक निवाऱ्यावर शिक्का घ्यावा. म्हटलं, पहिल्याच निवाऱ्यावर गाठून हातात द्यावा. तुम्ही निघून गेलेले. राखणदार म्हणाला, कागद आलाय, चौकोन मोकळा आहे, मारतो. मग म्हटलं, दुसऱ्या निवाऱ्यावर गाठू."

"त्या पोरींजवळ द्यायचास."

"सरकारी कागद परक्या हाती देऊ नये, हे मला कोणी शिकवलं?"

कारकुनाने दोन्ही भाग जुळवून पाहिले. कापलेली कड बरोबर बसली. कात्री चांगली होती. साहेबांच्या छातीवरून दगड उतरला. पण कारकुनाने निवाऱ्यांतून आलेल्या नोंदी काढल्या आणि बोट फिरवत म्हणाला, "एकवीसही निवाऱ्यांवर हा कागद बाईंनी आणलाय. वाटकऱ्यांच्या रकान्यात बाई आहेत. तुम्ही फेरफटक्यात. प्रमाणपत्र बाईंच्या नावे होईल."

"इश्श, मला काय करायचंय?" शिवणबाई म्हणाली. "मी चालायला थोडीच आले होते? यांनाच द्या."

"तसं करता येत नाही."

"बरोबर आहे यांचं," साहेब म्हणाले.

हे आपल्याच तोंडून आलेलं ऐकून साहेबांना वाईट वाटलं, पण ते खरं होतं. त्यांनी बायकोला नियम समजावून सांगितला, तिचं म्हणणं खोडून काढलं आणि आपलं प्रमाणपत्र स्वतः भांडून तिच्या नावावर करून दिलं. मग कचेरीतला फोन मागून घेतला. "डॉक्टर," ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी फोन येईल म्हणाला होतात. बाविसाव्या दिवशी करतोय. गाडी नको." आणि ठेवला.

मग ते कारकुनाकडे वळले. "नवं वाटपत्र द्या. इकडून तिकडे. या वेळी अख्खं नेईन."

कारकून आता जरा मवाळ झाला होता. सामान तोलल्याशिवाय वाटपत्र मिळत नाही, तो म्हणाला. आणि त्याने तुळईला टांगलेल्या काट्याला साहेबांची सॅक अडकवली. तीन किलो नऊशे. मग शिवणबाईची पिशवी अडकवली. साडेअकरा किलो. पिशवीतून अख्खं पांघरूण, गुडघ्याचा पट्टा, पाच कॉलरी आणि ब्रशची दांडी डोकावत होती.

साहेब काट्याकडे पाहत होते. पाहता पाहता ते जवळ गेले, टाचा उंचावल्या आणि काट्याच्या मानेवरची धूळ अंगठ्याने पुसली. बावीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"मुद्रा तीन वर्षांपूर्वीची आहे," ते म्हणाले.

कारकुनाने पहिल्यांदा चष्मा काढला. "काटा अगदी बरोबर आहे हो, साहेब. ताडून बघा."

"असेलही," साहेब म्हणाले. "पण यंदाची मुद्रा नाही. हा काटा नाही, तुळईला टांगलेलं लोखंड आहे. यावर वजन झालं असं मी मानत नाही. आणि वजन झाल्याशिवाय तुम्ही वाटपत्र देऊ शकत नाही. नियम तुमचाच आहे."

"मग आता?"

"आता काही नाही. काट्याला मुद्रा मारून घ्या. आम्ही निघतो."

शिवणबाईने खालच्या ओठाशी बोट नेलं. "म्हणजे शिक्के नाहीत?"

"नाहीत."

"व्हरांड्यातलं बाकडं?"

"अरुंद आहे," साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग तिची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली. खांदा खाली गेला. पण वजन प्रमाणित नसल्यामुळे त्यांनी त्याची दखल घेतली नाही.

संध्याकाळी एकविसाव्या निवाऱ्याच्या राखणदाराने दोघांना उलट्या दिशेने येताना पाहिलं आणि आपसूकच वहीवर हात ठेवला. कालचा शेरा अजून ओला असल्यासारखा त्याच्या डोळ्यांपुढे होता. पण साहेबांनी लेखणी मागून घेतली आणि दुसऱ्या रकान्यात आपण होऊन लिहिलं, 'दोघे. फेरफटक्याला.' खाली सही, तारीख.

शिवणबाईने ते वाचलं, त्यांच्या हातातून लेखणी घेतली आणि शेऱ्याच्या जागी सुबक अक्षरात लिहिलं, 'कात्रीबद्दल अजून बोलायचं आहे.'

पुढे चारशे किलोमीटर होते.